मोबाइलवर मन मोकळे करण्यापूर्वी

गेल्या पावसाळ्यात एक तरुण माझ्या ऑफिसवर आला. अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला, वसतिगृहात राहणारा, आईवडील शेतमजूर. त्याला झोप लागत नव्हती, परीक्षेला बसले की हात थरथरत. मित्राच्या सांगण्यावरून त्याने मोबाइलवरून समुपदेशन करणाऱ्या एका कंपनीकडे दहा सत्रांचे पैसे एकदम भरले. पहिल्या दोन सत्रांत तो झोप, अभ्यास, घरची परिस्थिती एवढेच बोलला. तिसऱ्या सत्रात त्याने धीर केला. वर्गात आपल्याला कोणत्या नावाने हाक मारतात, कोट्यातून आला म्हणून काय काय ऐकावे लागते, ते त्याने सांगितले. पलीकडच्या बाई म्हणाल्या, "तू हे फारच मनाला लावून घेतोस. आजकाल जात कोण पाळतं?" त्याने फोन बंद केला. उरलेल्या सात सत्रांचे पैसे परत मिळतील का, एवढेच विचारायला तो आला होता.

१९१७ साली कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. राहायला जागा मिळेना, म्हणून पारशी नाव घेऊन त्यांना पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले. ते उघडकीला आले तेव्हा काठ्या घेतलेली माणसे दारात उभी राहिली. 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तेही मनाला लावून घेणेच होते काय? नाव लपवून राहण्याचा ताण आपल्या तीन पिढ्यांनी भोगला आहे. समुपदेशकासमोरही आडनाव सांगताना जीभ अडखळत असेल, तर ते समुपदेशन काय कामाचे?

म्हणून माझे सांगणे असे की, पैसे भरण्यापूर्वीच समुपदेशकाला प्रश्न विचारा. आपण तिथे याचक म्हणून जात नाही. पहिल्याच फोनवर सरळ विचारावे, "जातीमुळे होणारा अपमान हे मानसिक त्रासाचे कारण असू शकते, असे तुम्ही मानता का? अशा लोकांबरोबर तुम्ही काम केले आहे का?" उत्तरात टाळाटाळ दिसली, 'आम्ही जातपात मानत नाही, सगळे सारखेच' असे गुळमुळीत बोलणे आले, तर दुसरा समुपदेशक पाहावा. समुपदेशक आपल्याच समाजाचा असला पाहिजे असा माझा आग्रह नाही. आपल्यातलेही काही जण 'इतकं शिकलास, आता विसर' म्हणणारे भेटतात.

दुसरा प्रश्न शिक्षणाचा. मानसोपचारतज्ज्ञ म्हणजे डॉक्टर. औषध तोच लिहून देऊ शकतो. २५ मार्च २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक तत्त्वांनुसार फोनवर तपासणाऱ्या डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक चिठ्ठीवर दिलाच पाहिजे. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वसन परिषदेच्या नोंदवहीत असते. तो क्रमांक मागावा आणि पडताळून पाहावा. खरी पंचाईत यानंतर सुरू होते. समुपदेशकांना कायद्याच्या चौकटीत आणणारा कायदा २०२१ मध्ये झाला, पण नोंदणीची व्यवस्था अजून सगळीकडे बसलेली नाही. त्यामुळे आठ दिवसांचा कोर्स केलेला माणूसही 'लाइफ कोच', 'हीलर' अशी पाटी लावून बसतो. पूर्वजन्म दाखवणारे, ऊर्जा सोडणारे, ग्रह पाहून नैराश्य घालवणारेही 'थेरपी' हाच शब्द वापरतात. १४ ऑक्टोबर १९५६ ला आपण जे नागपुरात सोडून आलो, तेच आता मोबाइलमधून घरात येत आहे आणि तासाला हजार-दीड हजार घेत आहे. तुमचे दुःख मागच्या जन्मीच्या कर्माचे फळ आहे असे कोणी सांगू लागला, तर बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने पुढचे ऐकायला थांबू नये. (विपश्यनेला बसलो, आता औषधाची गरज नाही, असे म्हणणारे उपासकही मला भेटतात. विपश्यना हा वैद्यकीय उपचाराला पर्याय नाही, हे विपश्यना केंद्रेच सांगतात.)

आता गुप्ततेबद्दल. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २३ ने रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचे बंधन उपचार करणाऱ्यावर घातले आहे. डिजिटल स्वरूपात साठवलेल्या माहितीलाही हे संरक्षण आहे, असे कलम २४ स्पष्ट सांगते. अपवाद आहेत. कोणाच्या जिवाला धोका असेल किंवा कोर्टाचा आदेश असेल, तर माहिती द्यावी लागते. हे अपवाद समुपदेशकाने पहिल्याच सत्रात समजावून सांगायला हवेत. पण कायदा कागदावर असतो आणि माहिती कंपनीच्या संगणकात. फिनलंडमध्ये वास्तामो या मानसोपचार कंपनीतून हजारो रुग्णांच्या नोंदी चोरीला गेल्या आणि २०२० मध्ये चोरट्याने थेट रुग्णांनाच पैशासाठी धमक्या दिल्या. अमेरिकेत बेटरहेल्प या कंपनीवर ग्राहकांची आरोग्यविषयक माहिती जाहिरातीसाठी फेसबुकसारख्या कंपन्यांना दिल्याचा आरोप तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने ठेवला. २०२३ मध्ये ७८ लाख डॉलर भरून तिला प्रकरण मिटवावे लागले. तेव्हा विचारावे, सत्राचे रेकॉर्डिंग होते का? टिपणे कुठे ठेवता, किती दिवस? कंपनी सोडली तर ती पुसणार का? उत्तर तोंडी न घेता मेसेजवर लेखी घ्यावे.

माहिती बाहेर फुटायला परदेशातला चोरच लागतो असेही नाही. एका खोलीत पाच माणसे राहतात, मोबाइल भावाचा, पैसे कापल्याचा मेसेज वडिलांच्या नंबरवर. अशा घरातली मुलगी नवऱ्याबद्दल किंवा सासरबद्दल काय बोलणार? पहिल्या सत्राआधी जागा आणि वेळ ठरवा, इअरफोन घ्या, बोलणे जमले नाही तर लिहून बोलण्याची सोय आहे का ते विचारा.

समुपदेशक पुण्यात आणि आपण किनवटला, अशा वेळी जिवावर बेतले तर तो काय करणार? आपला पत्ता आणि जवळच्या एका विश्वासू माणसाचा नंबर त्याच्याकडे असावा. मध्यरात्री समुपदेशक फोन उचलत नाही. त्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, क्रमांक १४४१६. ती १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येते. हा क्रमांक प्रत्येक वसतिगृहाच्या भिंतीवर लागला पाहिजे.

त्या तरुणाने मला विचारले, "सर, अॅट्रॉसिटी होईल का?" चळवळीतल्या कार्यकर्त्यालाही हे नीट माहीत असावे. जातिवाचक अपमानाचा गुन्हा ठरण्यासाठी तो लोकांच्या नजरेसमोर व्हावा लागतो; सर्वोच्च न्यायालयाने हितेश वर्मा प्रकरणात २०२० मध्ये हेच सांगितले. दोघांतल्या व्हिडिओ कॉलवर ते सिद्ध करणे फार अवघड. शिवाय बाईंनी शिवी दिली नव्हती, त्याचे दुःख खोटे ठरवले होते. त्याला दंडसंहितेत कलम नाही. मानसिक आरोग्य कायद्यात जातीवरून भेदभाव करायला मनाई आहे, पण कलम १८ चा हक्क प्रामुख्याने सरकारी आणि सरकारी अनुदानावरच्या सेवांपुरता आहे.

खासगी कंपनीसाठी हत्यार आहे ते ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ चे. कंपनीचे ऑफिस बंगळूरला असो की गुडगावला, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षे. पैसे भरल्याची पावती आणि सगळे मेसेज जपून ठेवा, आणि दहा सत्रांचे पैसे एकदम कधीच भरू नका. आम्ही साधी नोटीस पाठवली. सात सत्रांचे पैसे तीन आठवड्यांत परत आले.

एक विनंती विहार समित्यांना. बहुतेक विहारांत वाचनालयाची खोली असते आणि दुपारी ती रिकामी असते. वस्तीतल्या मुलामुलींना फोनवर समुपदेशकाशी बोलण्यासाठी ती तासभर द्यावी. आत कोण बसले होते याची नोंद मात्र वहीत करू नये.