सतारीसाठी ‘ताज’मध्ये मुक्काम

सप्टेंबर १९६६च्या मध्यास अपोलो बंदरासमोरच्या ताजमहाल हॉटेलात एक इंग्रज दाम्पत्य उतरले. नाव सांगितले होते ‘श्री. व सौ. सॅम वेल्स’. प्रत्यक्षात ते होते ‘बीटल्स’ या जगप्रसिद्ध वाद्यवृंदाचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन आणि त्याच वर्षी जानेवारीत त्यांच्याशी विवाहबद्ध झालेल्या पॅटी बॉइड. ओळख लपवण्यासाठी हॅरिसन यांनी मिशीही राखली होती. हा खटाटोप पर्यटनासाठी नव्हता. पंडित रवि शंकर यांच्याकडे सतार शिकायची, हा या मुक्कामाचा हेतू होता.

‘बीटल्स’च्या १९६५च्या ‘नॉर्वेजियन वूड’ या गाण्यात हॅरिसन यांनी सतार वाजवली होती. मात्र ते वादन गिटारवादकाच्या हाताचे होते. जून १९६६मध्ये लंडनला रवि शंकरांची भेट झाली, तेव्हा या वाद्यामागे वर्षानुवर्षांची साधना असते हे त्यांच्या ध्यानी आले. त्याच वर्षी २९ ऑगस्टला सॅन फ्रान्सिस्कोत ‘बीटल्स’चा अखेरचा जाहीर दौरा संपला आणि हॅरिसन यांना मोकळा वेळ मिळाला.

गिटार व सतार ही दोन्ही तंतुवाद्ये असली, तरी त्यांची शिस्त निराळी. गिटारचे पडदे पक्के बसवलेले असतात. सतारीचे पडदे वक्र असून रागानुसार सरकवता येतात. तार पडद्यावर आडवी खेचून मींड काढायची, तर बोटांना कसून सराव हवा. खाली बसवलेल्या तरफा मुख्य तारेच्या स्वराबरोबर आपोआप झंकारतात, म्हणून त्या अचूक जुळवाव्या लागतात. त्याहून कठीण ती बैठक. मांडी घालून, भोपळा सावरत तासन्‌तास बसणे खुर्चीची सवय असलेल्या युरोपीय शरीराला जड जाते. रवि शंकर आणि त्यांचे शिष्य शंभू दास यांनी धडे दिले ते या पायापासून. सरगम, अलंकार, पलटे, आणि जोडीला शरीर लवचीक व्हावे म्हणून योगासने.

समुद्राकाठची ती वास्तूही या कथेला साजेशी होती. जमशेटजी टाटा यांनी उभारलेले हे हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. त्याचा मूळ आराखडा करणाऱ्यांत सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी वास्तुरचनाकार होते. शेजारच्या गेटवे ऑफ इंडियाचे उद्‌घाटन त्यानंतर तब्बल २१ वर्षांनी, १९२४मध्ये झाले. हॅरिसन दाम्पत्य आले, तेव्हा जोडीचा उंच मनोरा उभा राहायचा होता.

गुप्तता मात्र टिकली नाही. हॉटेलातील एका तरुण कर्मचाऱ्याने पाहुण्यांना ओळखले, वृत्तपत्रांत बातमी झळकली आणि दारापुढे चाहत्यांची झुंबड उडाली. रियाजाला लागणारी शांतता संपली. १९ सप्टेंबरला हॅरिसन यांना पत्रकार परिषद घ्यावी लागली. आपण येथे विद्यार्थी म्हणून आलो आहोत, हे त्यांनी सांगितले. त्यानंतर गुरू, शिष्य आणि पॅटी काश्मीरला गेले व हाउसबोटीवर शिक्षण पुढे सुरू राहिले. रवि शंकरांनी दिलेले परमहंस योगानंदांचे आत्मचरित्र हॅरिसन यांनी याच प्रवासात वाचले. ऑक्टोबरात हे दाम्पत्य इंग्लंडला परतले.

या अल्प मुक्कामाने काय साधले? हॅरिसन मोठे सतारवादक झाले नाहीत. लहानपणापासून रियाज करणाऱ्या वादकांची पातळी आपल्याला गाठता येणार नाही, हे उमजल्यावर काही वर्षांतच ते गिटारकडे वळले. परंतु त्यांचे कान बदलले होते. १९६७चे ‘विदिन यू विदाउट यू’ हे गीत त्याची साक्ष देते. जानेवारी १९६८मध्ये ते पुन्हा मुंबईत आले, ते येथील वादकांसह एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करण्यासाठी. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कला बांगलादेशच्या निर्वासितांसाठी झालेली मैफल गुरूच्याच विनंतीवरून उभी राहिली, आणि १९९७च्या ‘चँट्स ऑफ इंडिया’ची निर्मिती शिष्याने केली.

हॅरिसन २००१मध्ये आणि रवि शंकर २०१२मध्ये निवर्तले. कीर्तीच्या शिखरावर असताना सरगमपासून आरंभ करण्याची तयारी दाखवणाऱ्या शिष्याला सतार पुरती वश झाली नाही. गुरू मात्र आयुष्यभरासाठी लाभला.