दवाखान्याचा मालक कोण? सार्वजनिक आरोग्याच्या वर्गातला पहिला प्रश्न

सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी म्हणजे डॉक्टरकी नव्हे. 'एमपीएच' या तीन अक्षरांनी ओळखला जाणारा हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम मुंबईची टाटा सामाजिक विज्ञान संस्था, सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ अशा ठिकाणी शिकवला जातो. तो शिकलेली मुले-मुली इंजेक्शन देत नाहीत की टाके घालत नाहीत. ती पुढे आरोग्य खात्यात, महापालिकेत, योजनांच्या कार्यालयांत आणि संस्थांमध्ये काम करतात. वस्तीला किती नर्स लागतात, कोणती औषधे मागवायची, कोणता आजार योजनेत बसवायचा, याचे कागद त्यांच्या हातून जातात. आपल्या घरातले आजारपण त्या कागदाशी बांधलेले असते. म्हणून त्यांना काय शिकवले जाते, हे वस्तीतल्या माणसांनाही कळायला हवे.

आम्ही वॉर्डात रात्रपाळ्या केलेल्या नर्सेस आणि वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्या. असे विद्यार्थी प्रत्यक्ष कामासाठी वस्तीत येतात, तेव्हा त्यांच्याशी आमचे बोलणे होते. मुले हुशार असतात. भोर समितीचा अहवाल १९४६ चा, अल्मा-आटाची परिषद १९७८ ची, पहिले राष्ट्रीय आरोग्य धोरण १९८३ चे, हे सारे त्यांना पाठ असते. २०१७ च्या धोरणात सरकारी आरोग्य खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे लिहिले आहे, हेही ती सांगतात. पण २०२१-२२ च्या राष्ट्रीय आरोग्य लेख्यात हा आकडा १.८४ टक्केच होता. मग उरलेले पैसे कुठे गेले आणि ते कुणी मागायचे, असे विचारले की वर्ग शांत होतो. धोरण पाठ झालेले असते, राजकारण राहून गेलेले असते.

राजकारण म्हटले की आपल्याला झेंडे आणि मतदान आठवते. इथे राजकारणाचा अर्थ साधा आहे : कुणाला काय मिळते, कुणाला मिळत नाही आणि ते कोण ठरवते.

एक शहर, अनेक मालक

सोलापुरात आपण ज्याला 'सिव्हिल' म्हणतो, ते छत्रपती शिवाजी महाराज सर्वोपचार रुग्णालय डॉ. वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. त्याचे खाते वैद्यकीय शिक्षण विभाग. डफरीन आणि वस्त्यांमधली नागरी आरोग्य केंद्रे महापालिकेची. खेड्यातली प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषद चालवते आणि ती सार्वजनिक आरोग्य विभागाखाली येतात. कामगार विम्याचे रुग्णालय आणखी निराळे. रुग्णाला हे सगळे 'सरकारी'च दिसते, पण प्रत्येकाचा पैसा, नोकरभरती आणि नियम वेगळे.

याचा परिणाम बघा. महाराष्ट्र शासनाने १५ ऑगस्ट २०२३ पासून सरकारी रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत केले. बातमी सगळीकडे गेली. पण तो निर्णय सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता होता, वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये त्यात नव्हती. 'सगळे फुकट झाले' असे ऐकून मोठ्या रुग्णालयाच्या खिडकीवर गेलेला माणूस तिथल्या लिपिकाशी भांडतो. लिपिकाच्या हातात काहीच नसते. भांडण जिथे करायचे ते टेबल मुंबईत, मंत्रालयात आहे. विद्यार्थ्यांना आम्ही पहिले काम हेच देतो : वस्तीपासून जवळचे पाच दवाखाने शोधा आणि प्रत्येकाचा मालक लिहून आणा. हे काम आपल्या घरातली दहावीची मुलगीही करू शकते.

मावशींचा केसपेपर

दुसरे काम एका केसपेपरवर. बिडी वळणारी पन्नाशीची बाई, अंगात रक्त कमी, साखर वाढलेली, पाठ धरलेली, खोकला. ही कुणी एक मावशी नव्हे, अशा बायका सोलापुरात गल्लोगल्ली आहेत. विद्यार्थी लगेच सल्ला लिहितात : पालेभाजी खा, चाला, तोंडाला फडके बांधा. सल्ला चुकीचा नाही. पण हजार बिड्यांच्या दरावर जिचे घर चालते, तिने उठून चालायला जायचे तर तेवढ्या बिड्या कमी होतात.

मग आम्ही कागद उलटा करून दुसऱ्या बाजूला लिहायला सांगतो : या बाईच्या औषधाचा पैसा कोणत्या खिशातून येतो? बिडी कामगारांच्या कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्या निधीत बिडीवरच्या उपकरातून पैसा यायचा आणि त्यातून बिडी कामगारांचे दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरांसाठी मदत चालायची. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि हा उपकर बंद झाला. जो पैसा कायद्याने बिडी कामगारांसाठीच बाजूला पडत होता, तो आता दरवर्षी केंद्राच्या अंदाजपत्रकात मागावा लागतो. करात झालेला बदल आरोग्याचे धोरण होतो तो असा. त्याची चर्चा आरोग्याच्या पुस्तकात सापडेलच असे नाही.

तिसरा प्रश्न योजनेचा. राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ ला ज्या पहिल्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत सोलापूर होते. २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झाली. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कॅन्सरचे उपचार यांसाठी अनेक गरीब घरांना तिचा आधार मिळाला, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. पण योजना मुख्यतः दाखल झालेल्या रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांची आहे. मावशींना रोज लागणारी साखरेची गोळी त्यात येत नाही. गोळी वेळेवर मिळाली नाही की पायाला जखम होते, जखम चिघळते, आणि पाय कापायची वेळ आली की योजनेचे दार उघडते. सरकारी पैसा वस्तीतल्या गोळीवर आधी खर्च करायचा की रुग्णालयातल्या पॅकेजवर, हे मोजमापाने एकट्याने ठरत नाही. ज्याचा आवाज मोठा, त्याच्याकडे पैसा वळतो. रुग्णालयांच्या संघटना आहेत. गोळीवाल्या मावशींची संघटना कुठे आहे?

बाबासाहेबांकडून शिकण्यासारखे

आरोग्य धोरणाच्या वर्गात बाबासाहेबांचे नाव फार कमी येते. यायला हवे. १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात त्यांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभ विधेयकाला पाठिंबा दिला. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलावा, अशी त्यांची मांडणी होती. १९२९ मध्ये तो कायदा झाला. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगारांच्या आरोग्य विम्याचा प्रा. अडारकर यांचा अहवाल १९४४ मध्ये त्यांच्याच खात्याकडे आला आणि त्यातून पुढे १९४८ चा राज्य कामगार विमा कायदा उभा राहिला.

गिरणीच्या सोलापुराला या कायद्याचे मोल माहीत आहे. आजारी पडल्यावर दवाखानाही आणि बुडालेल्या रोजाचा काही भागही, हा हक्क हजेरीपटावरच्या कामगाराला मिळाला. गिरण्या बंद पडल्या आणि माणसे छोट्या यंत्रमागांवर, बांधकामावर, कंत्राटी झाडूकामावर गेली. विम्यासाठी कारखान्यात दहा कामगारांची अट आहे. आठ माणसे दाखवणारा कारखाना सुटतो आणि त्याच्याबरोबर त्या आठ घरांचा हक्कही सुटतो. ही अट कोणी घातली, ती कोण बदलू शकतो, कोणाला ती तशीच हवी आहे, हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे. आजाराचे कारण जंतूत शोधतो, तसे या 'दहा'च्या आकड्यातही शोधता आले पाहिजे.

वर्गात कोण बसते?

हे सगळे शिकणारी मुले कोणत्या घरांतली आहेत, हाही राजकारणाचाच प्रश्न. टाटा संस्थेत भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती घेणाऱ्या अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांची शुल्क सवलत थांबली, तेव्हा फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबई, हैदराबाद, गुवाहाटी आणि आपल्या शेजारच्या तुळजापूर केंद्रातही विद्यार्थ्यांनी संप केला. ज्याने नळाच्या रांगेत हंडा धरला आहे, असा विद्यार्थी वर्गात असेल तर शिक्षकाला पाण्याचा धडा नुसता आकड्यांत उरकता येत नाही. तो विद्यार्थी शुल्काअभावी बाहेर राहिला तर धडाही अर्धा राहतो.

म्हणून पालकांना काही सूचना :

– काही संस्थांत एमपीएचला कोणत्याही शाखेचे पदवीधर चालतात, काही ठिकाणी आरोग्याशी संबंधित पदवी लागते. प्रवेशाची जाहिरात नीट वाचा.

– जीएनएम केलेल्या मुलींकडे डिप्लोमा असतो, पदवी नसते. दोन वर्षांचे पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग केले की पदवी मिळते आणि हा रस्ता उघडतो.

– मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख आहे. जातीचा दाखला, जात पडताळणी आणि उत्पन्नाचा दाखला प्रवेशाआधीच तयार ठेवा.

– परदेशात शिकायचे असेल तर राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे.

आणि वस्तीत विद्यार्थी पाहणीचा फॉर्म घेऊन आले, तर उत्तरे देऊन मोकळे होऊ नका. त्यांना विचारा : हे कोणत्या कार्यालयात जाणार? अहवाल आम्हाला कधी दाखवणार? तो रविवारी विहारात येऊन मराठीत वाचून दाखवा, एवढी अट घाला. आम्ही ती घालतो. अहवाल वाचून दाखवताना मुलांची त्रेधा उडते, बायाबापड्या चुका काढतात आणि दोन्हीकडचे लोक काहीतरी शिकून उठतात.

तुमच्या वस्तीत पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या मुला-मुलींची यादी या महिन्यात विहारात करा. त्यांच्यासमोर हे पान वाचा आणि दवाखान्यांचे मालक शोधण्याचे काम त्यांनाच द्या.

जय भीम.