समजून घ्या : रात्रीच्या मासेमारीसाठी पाण्याखालचा दिवा घेताय? वसई-अर्नाळ्याच्या पाण्यात तो किती चालतो आणि कायदा काय म्हणतो?

ऑगस्ट सुरू झाला की वसईच्या पाचूबंदर, किल्लाबंदर, नायगाव आणि अर्नाळ्याच्या बोटी पुन्हा समुद्रात उतरतात. पश्चिम किनाऱ्यावरची १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची मासेमारी बंदी तेव्हा संपलेली असते. नेमक्या याच सुमारास मोबाइलवर पाण्यात सोडायच्या हिरव्या-निळ्या एलईडी दिव्यांच्या जाहिरातीही दिसू लागतात. किंमत काही शेकड्यांपासून हजारोंपर्यंत. दिवा सोडला की मासे आपोआप येतील, असा जाहिरातीचा सूर असतो.

पण हे दिवे खरंच काम करतात का? वसईच्या गढूळ पाण्यात त्यांचा उपयोग किती? मुख्य म्हणजे बोटीवरून असा दिवा वापरला तर काय होऊ शकतं? एकेक मुद्दा पाहूया.

दिव्याकडे मासे का येतात?

सगळे मासे दिव्यावर झेप घेत नाहीत. सुरुवात होते पाण्यात तरंगणाऱ्या अतिसूक्ष्म जीवांपासून. त्यातले अनेक जीव प्रकाशाकडे सरकतात. त्यांना खायला तारली, मांदेलीसारखे लहान मासे जमतात आणि लहान माशांच्या मागे मोठे मासे येतात. थोडक्यात, दिवा ताट मांडतो आणि पंगत आपोआप बसते.

माकूळही प्रकाशाच्या आसपास जमतात. जपानमध्ये दिव्यांच्या रांगा लावून माकूळ पकडण्याचा व्यवसाय अनेक दशकं चालत आला आहे.

हे तंत्र अंधारातच चांगलं चालतं. पौर्णिमेच्या आसपास चंद्राचा उजेड सगळ्या समुद्रावर पसरलेला असतो, त्यामुळे एका दिव्याचं आकर्षण कमी होतं. म्हणून दिव्यावरच्या मासेमारीचा जोर अमावास्येच्या आसपास असतो.

हिरवा, निळा की पांढरा?

पाणी सगळे रंग सारखे पुढे जाऊ देत नाही. लाल रंग सर्वात आधी शोषला जातो. खोल, स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सर्वात लांब पोहोचतो. किनाऱ्याजवळच्या, गाळ आणि शेवाळ असलेल्या पाण्यात मात्र निळा रंगही लवकर संपतो आणि हिरवा त्यातल्या त्यात पुढे जातो. पांढऱ्या दिव्यात सगळे रंग मिसळलेले असतात, त्यामुळे त्यातला बराच उजेड पहिल्या काही फुटांतच वाया जातो.

एलईडी इतका स्वस्त आणि प्रखर झाला त्यामागे निळ्या एलईडीचा शोध आहे. त्यासाठी इसामु आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. पूर्वी बोटीवर पेट्रोमॅक्स असायचे, नंतर मोठे हॅलाइड दिवे आले. आता तेवढाच उजेड एलईडी कितीतरी कमी विजेत देतो. समुद्रातला आजचा वाद इथूनच सुरू होतो.

वसईच्या पाण्यात उजेड किती लांब जातो?

वसईच्या दक्षिणेला उल्हास नदीचं पाणी घेऊन येणारी वसई खाडी आहे, तर उत्तरेला अर्नाळ्याजवळ वैतरणेचं मुख. दोन्हींचा गाळ आणि भरती-ओहोटीचा जोर यामुळे इथलं पाणी बहुतेक वेळा गढूळ असतं.

हे पाणी किती गढूळ आहे, ते घरच्या घरी मोजता येतं. एक पांढरी थाळी दोरीला आडवी बांधा, वजन लावा आणि दिवसा जेट्टीवरून पाण्यात सोडा. थाळी दिसेनाशी झाली की दोरीला गाठ मारा आणि लांबी मोजा. अँजेलो सेक्की या इटालियन शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये ही पद्धत आणली आणि ती आजही वापरली जाते.

समजा थाळी अर्ध्या मीटरवर दिसेनाशी झाली. ढोबळ हिशेबाने अशा पाण्यात एक मीटरवर दिव्याचा सुमारे ३ टक्के उजेड उरतो आणि दोन मीटरवर हजारातला एक भाग. आता तुम्ही २० वॅटऐवजी ४० वॅटचा दिवा घेतला. उजेड पुढे सरकला किती? जेमतेम २० सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. पैसे दुप्पट, बॅटरी दुप्पट आणि फायदा वीतभर.

म्हणूनच खाडीच्या किंवा किनाऱ्याजवळच्या पाण्यासाठी महागडा दिवा घेण्यात अर्थ नाही. दिव्यावर मोठी मासेमारी करणाऱ्या बोटी लांबच्या, स्वच्छ पाण्यात जातात, त्याचंही हेच कारण.

दिवा विकत घेताना पाकिटावर काय पाहायचं?

काठावरच्या कामासाठी, जेट्टीवर बोट बांधण्यासाठी किंवा जाळं तपासण्यासाठी जलरोधक दिवा लागतोच. तो घेताना पुढच्या गोष्टी पाहा.

१. ल्युमेन पाहा, वॅट नव्हे. वॅट म्हणजे दिवा किती वीज खातो, तर ल्युमेन म्हणजे तो किती उजेड देतो.

२. आयपी क्रमांक पाहा. आयपी ६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकेल. आयपी ६८ म्हणजे त्याहून जास्त, पण किती खोलीवर आणि किती वेळ, हे कंपनीने लिहिलेलं असायला हवं. दर १० मीटर खोलीला पाण्याचा दाब सुमारे एका वातावरणाइतका वाढतो. नुसतं ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असेल तर ते पावसापुरतंच समजा.

३. बॅटरीचा हिशेब करा. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवर बॅटरी म्हणजे ८४ वॅट-अवर. २० वॅटचा दिवा कागदावर चार तास चालेल. पण लेड-अॅसिड बॅटरी पूर्ण रिकामी केली तर लवकर खराब होते, म्हणून दोन-अडीच तासच धरा.

४. घरातली २३० व्होल्टची वायर ओढून पाण्यात दिवा सोडू नका. खारं पाणी वीज सहज वाहून नेतं. झिजलेल्या एका जोडामुळे जीव जाऊ शकतो. १२ व्होल्ट, फ्यूज आणि बंद जोड, यात तडजोड नको.

बोटीवरून दिवा लावून मासे पकडले तर?

ते बेकायदा आहे. केंद्र सरकारने १० नोव्हेंबर २०१७ च्या आदेशाने भारताच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात एलईडी किंवा इतर कृत्रिम दिव्यांच्या साहाय्याने होणाऱ्या मासेमारीवर बंदी घातली. बुल ट्रॉलिंगवरही त्याच आदेशाने बंदी आली. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंतचा समुद्र राज्याच्या अखत्यारीत येतो. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंतचा भाग केंद्राकडे आहे.

राज्याच्या हद्दीत महाराष्ट्र सागरी मासेमारी नियमन अधिनियम, १९८१ लागू होतो. त्यात २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि एलईडी किंवा बुल ट्रॉलिंगने मासेमारी केल्यास ५ लाख ते २० लाख रुपये दंडाची तरतूद आली. म्हणजे हजारभर रुपयांचा दिवा बोटीवर मासे गोळा करण्यासाठी वापरला तर संपूर्ण हंगामाची कमाई जाऊ शकते. दुकानात किंवा ऑनलाइन दिवा मिळतो, म्हणून त्याचा असा वापर कायदेशीर ठरत नाही.

काठावरून हौसेने गळ टाकणाऱ्यांनीही पाण्यात दिवा सोडण्याआधी मत्स्यव्यवसाय विभागाच्या स्थानिक कार्यालयात किंवा जवळच्या मच्छीमार सोसायटीत विचारून घ्यावं.

बंदी का घालावी लागली?

एका दिव्याने समुद्र रिकामा होत नाही. प्रश्न आहे तो जनरेटरवर चालणाऱ्या हजारो वॅटच्या दिव्यांना पर्ससीन जाळ्याची जोड मिळाल्याचा. पर्ससीन जाळं म्हणजे थव्याभोवती गोल फिरवून खालून दोरीने आवळलेला बटवा. पूर्वी थवा शोधावा लागायचा. आता एक बोट दिवे लावून थवा जमवते आणि दुसरी त्याला वेढा घालते. थव्यात मोठ्या माशांबरोबर पिल्लंही असतात आणि ती अंडी घालण्याच्या वयाला येण्याआधीच संपतात. राज्याने ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने पर्ससीनवर निर्बंध घातले होते, त्यामागेही हीच चिंता होती.

वसई-अर्नाळ्याची पारंपरिक पद्धत याच्या अगदी उलट आहे. इथली डोल समुद्रात खुंट रोवून, म्हणजे कव मारून बांधली जाते. तिचं तोंड प्रवाहाकडे असतं आणि पाण्याबरोबर येणारे बोंबील, करंदी, जवळा तिच्यात शिरतात. डोलीला दिवा लागत नाही, तिला पाण्याचा ओढ लागतो. म्हणून डोलकर अमावास्या-पौर्णिमेचं उधाण पाहतो, कारण तेव्हा प्रवाह जोरात असतो. भांगाच्या दिवसांत प्रवाह मंद आणि जाळं हलकं.

डोलकर माशाच्या मागे धावू शकत नाही. मासा त्याच्यापर्यंत यावा लागतो. लांब समुद्रातच थवे उचलले गेले, तर किनाऱ्यावर वाट पाहणाऱ्या जाळ्यात येणार काय? डोलीच्या बारीक आसातही पिल्लं सापडतात, हा आक्षेप खरा आहे आणि त्यावरही नियम आहेत. राज्याने २०२३ मध्ये ५४ प्रजातींसाठी पकडता येणारा किमान आकार ठरवून दिला. पापलेटला राज्यमासा जाहीर केलं तेही त्याच वर्षी.

दिवे लावणाऱ्यांची बाजू काय?

डिझेल महाग, बोटीवर कर्ज, खलाशांचा पगार अंगावर आणि मासा शोधत फिरण्यात इंधन जळतं. दिव्याने तो वेळ वाचतो, असं त्यांचं म्हणणं असतं. जगात काही ठिकाणी दिव्यावरची मासेमारी नियमांच्या चौकटीत चालते, हेही खरं. पण तिथे दिवे किती आणि बोटी किती, याची मोजदाद होते. जिथे शेकडो लहान बोटींचं पोट त्याच थव्यांवर आहे, तिथे एकाची बचत ही दुसऱ्याची रिकामी टोपली ठरते.

दिव्याचा चांगला वापर होतो का?

होतो. मेक्सिकोच्या बाहा कॅलिफोर्निया किनाऱ्यावर संशोधकांनी गिलनेट जाळ्यांवर छोटे हिरवे एलईडी लावून पाहिले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, नको असलेल्या जिवांचं जाळ्यात सापडणं वजनाच्या हिशेबाने ६३ टक्क्यांनी कमी झालं. मुशी, पाकट या गटात तर ही घट ९५ टक्के होती. विकण्याजोग्या माशांच्या प्रमाणात फारसा फरक पडला नाही. इथे दिवा बोलावण्यासाठी नव्हता, सावध करण्यासाठी होता. आपल्याकडे असा प्रयोग करायचा तर तो संशोधन संस्था आणि मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवानगीनेच व्हायला हवा.

बोटीवर कोणते दिवे लागतातच?

बंदी मासे जमवणाऱ्या दिव्यांवर आहे, सुरक्षेच्या दिव्यांवर नाही. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चालत्या बोटीच्या डाव्या बाजूला लाल आणि उजव्या बाजूला हिरवा दिवा असतो. ट्रॉलिंग करणारी बोट वर हिरवा आणि खाली पांढरा दिवा लावते. इतर जाळ्यांनी मासेमारी करणारी बोट वर लाल आणि खाली पांढरा. समोरून येणाऱ्या जहाजाला त्यावरूनच कळतं की पुढे जाळं आहे. बोटीच्या कडेला भलताच हिरवा झोत सोडला तर त्या जहाजाचा गोंधळ उडू शकतो.

डोक्यावरच्या टॉर्चला लाल प्रकाशाची सोय असेल तर उत्तम. अंधाराला सरावायला डोळ्यांना २० ते ३० मिनिटं लागतात. पांढऱ्या झोताने ती सवय क्षणात मोडते, मंद लाल प्रकाशाने कमी मोडते.

काठावरच्यांसाठी एक सूचना. आपल्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतला फरक चार मीटरच्या पुढे जातो. कोरड्या खडकावर बसून गळ टाकताना मागची वाट कधी पाण्याखाली गेली, हे अंधारात कळत नाही. निघण्याआधी भरतीची वेळ पाहा, घरी सांगून जा आणि एकटे जाऊ नका.

समुद्रात बेकायदा दिवे दिसले तर काय करायचं?

जवळ जाऊ नका. वेळ, दिशा, मोबाइल किंवा जीपीएसवरचं ठिकाण आणि दिसला तर बोटीचा नोंदणी क्रमांक टिपून ठेवा. शक्य असेल तर लांबून व्हिडिओ घ्या. तक्रार मत्स्यव्यवसाय विभागाच्या परवाना अधिकाऱ्याकडे किंवा सागरी पोलिसांकडे द्या. सागरी सुरक्षेसाठी १०९३ आणि समुद्रातल्या संकटात तटरक्षक दलाचा १५५४ हे क्रमांक मोबाइलमध्ये असू द्या.

जानेवारी २०२५ पासून राज्याने किनाऱ्यावर ड्रोनने गस्त सुरू केली आहे. एलईडीच्या बोटी तर थेट अवकाशातूनही दिसतात. २०११ मध्ये सोडलेल्या सुओमी एनपीपी उपग्रहावरचा कॅमेरा रात्रीच्या समुद्रातले प्रखर दिवे टिपतो. पण वरून दिसलेला ठिपका कोणत्या बोटीचा, हे ठरवायला समुद्रात गस्ती नौकाच जावी लागते. दंड कागदावर २० लाखांचा असला तरी त्याचा धाक किती, हे त्या नौका रात्री किती वेळा बाहेर पडतात यावरच ठरतं.