सजविलेल्या दांतांची निगा

ठाणें, कल्याण वा डोंबिवली, कोठेंही स्टेशनाबाहेर पडावें, तों दंतवैद्यांच्या पाट्यांवर शुभ्र दांत झळकत असतात. ते पुढें राखावे कसे, हें मात्र पाटीवर नसतें.

दांतावर बसविलेलें चिनी मातीचें कवच किडत नाहीं हें खरें. परंतु त्याखालचा दांत किडतो. दोहोंच्या सांध्याशीं, हिरडीलगत, चिकट थर सांचतो. त्यांतील जंतु साखरेचें आम्ल करितात व कीड आंत शिरते. शिवाय कवचासाठीं बहुधा घासून काढलेलें एनॅमल पुनः वाढत नाहीं. म्हणून अशा दांतास अधिकच जपावें लागतें, असें आम्हांस वाटतें.

राळेच्या लेपानें दांत सांधला असल्यास त्यावर चहा, हळद व मिश्रीचे डाग चढतात, आणि दांत उजळविण्याच्या औषधानें लेपाचा रंग पालटत नाहीं. हळद सोडणें आपल्या घरांत कोणास साधणार? निदान जेवणानंतर चूळ भरावी. मऊ ब्रश व फ्लोराइडयुक्त पेस्ट दोन वेळां, रात्रीं फटींतून दोरा. राखुंडी नको, तिनें झिलई जाते. झोपेंत दांत खाणाऱ्यांनीं वैद्याकडून रात्रीं घालावयाचें आच्छादन करवून घ्यावें. कवचाची कड जिभेस टोंचूं लागल्यास विलंब न करितां दाखवावें. खाजगी खर्च न पेलल्यास मुंबई सेंट्रलजवळ १९३३ सालीं स्थापन झालेलें नायर दंत महाविद्यालय आहेच.