कार्यकर्त्याला प्रश्न कोण विचारणार?

जोतिबाच्या डोंगराच्या पायथ्याशी आमच्या समाजबांधवांची एक लहानशी वस्ती आहे. चैत्र पौर्णिमेला वर वाडी रत्नागिरीला लाखोंची गर्दी उसळते, सासनकाठ्या नाचतात, ‘चांगभलं’चा गजर खाली वस्तीपर्यंत ऐकू येतो. त्याच सुमारास १४ एप्रिल येतो आणि आमचाही गजर सुरू होतो. सलग तीन वर्षे आम्ही या वस्तीत भाषणाला गेलो. तासभर बोललो, टाळ्या घेतल्या, हार घेतले आणि कोल्हापूरला परतलो. पुढच्या एप्रिलपर्यंत तिथे काडीही हलली नाही. दोष आम्ही लोकांना दिला. ‘समाज जागा होत नाही’ हे आमच्या नेतेमंडळींचे आवडते वाक्य आहे, आम्हीही ते अनेकदा वापरले आहे.

तिसऱ्या वर्षी तर आम्ही आणखी एक पराक्रम केला. वस्तीतला एक तरुण, पोस्टर लावण्यापासून सतरंज्या उचलण्यापर्यंत सगळे करणारा, दोन बैठकांना आला नव्हता. भर सभेत आम्ही त्याला उभे केले आणि विचारले, “का आला नाहीस? चळवळ नको झाली का?” तो खाली बसला आणि त्यानंतर दिसला नाही. आम्हाला वाटले, आम्ही प्रश्न विचारला. ते आरोपपत्र होते हे कळायला आम्हा वकिलाला वर्ष लागले.

प्रश्न विचारणे हाच आमचा धंदा. कोर्टात पहिला धडा मिळतो तो सूचक प्रश्नांचा. ज्याच्या पोटातच उत्तर दडलेले असते तो सूचक प्रश्न. आपल्याच साक्षीदाराला सरतपासात तो विचारला की समोरचा वकील लगेच हरकत घेतो. कारण उघड आहे. साक्षीदार मान डोलावतो, पण साक्ष वकिलाचीच होते. १८७२चा पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम आला, तरी हे तत्त्व बदललेले नाही. आता आमच्या सभा आठवा. “आपण एक आहोत की नाही?” “आहोत!” “बाबासाहेबांचा रथ पुढे नेणार की नाही?” “नेणार!” इथे हरकत घेणारा कोणी नसतो. स्टेजवरून सूचक प्रश्न आणि स्टेजखाली उलटतपास, एवढ्या दोनच प्रकारांवर आमचे नेतृत्व चालते.

तथागतांची रीत वेगळी होती. सोण नावाचा भिक्खू, श्रीमंत घरातला, चालून चालून पायांतून रक्त येईपर्यंत साधना करू लागला. तरीही हाती काही लागेना, तेव्हा घरी परत जावे असे त्याच्या मनात आले. आजच्या भाषेत, कार्यकर्ता थकला. भगवंतांनी त्याला ना झापले, ना शाबासकी दिली. विचारले, घरी असताना तू वीणा वाजवायचास ना? तारा फार ताणल्या तर ती नीट वाजायची का? फार सैल सोडल्या तर? उत्तरे सोणाने स्वतःच दिली आणि आपली तार कुठे चुकली तेही त्यालाच उमगले. यात आम्हाला मोठी वाटते ती एक गोष्ट. प्रश्न वीणेचा होता, म्हणजे जे सोणाला उत्तम येत होते त्यातला होता. आम्ही मात्र कार्यकर्त्याला नेमके जे येत नाही तेच विचारतो.

ज्यांचा जन्म याच जोतिबाच्या यात्रेच्या दिवसांतला म्हणून नाव जोती ठेवले गेले, असे चरित्रकार सांगतात, त्या महात्मा फुल्यांची १८७३ची ‘गुलामगिरी’ पाहा. धोंडीबा विचारतो आणि जोतीराव उत्तर देतात. आमच्या संघटनांत धोंडीबाने तोंड उघडले की ‘शिस्तभंग’ होतो.

आणि बाबासाहेब? १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्याची घोषणा झाल्यावर ३१ मे १९३६ला मुंबईत दादरला महार परिषदेत त्यांनी जे भाषण केले, त्याचे नावच प्रश्न आहे, ‘मुक्ती कोन पथे?’. त्यांनी नुसता शब्द टाकला असता तरी माणसे मागे गेली असती. पण त्यांनी लोकांपुढे प्रश्नांची रास मांडली. जो धर्म तुम्हाला देवळात घेत नाही, पाणवठ्यावर येऊ देत नाही, त्यात का राहता? वकील म्हणून कोणी म्हणेल, हेही सूचकच. काहीसे होतेही. पण शेवटी त्यांनी बुद्धाच्या अखेरच्या उपदेशाचा आधार घेतला आणि निर्णय ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडला. उत्तर पिकायला वेळही दिला. येवल्यापासून नागपूरच्या दीक्षेपर्यंत २१ वर्षे! आम्हाला २१ सेकंदांची शांतता सोसत नाही, लगेच माईक ओढतो.

ही शांतता आम्ही चौथ्या वर्षी सोसली. वस्तीच्या विहारात रात्री अकरा माणसे होती, त्यात सात महिला. भाषण केले नाही. एवढेच विचारले, “ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी खर्चायचे असतात. गेल्या वर्षी ते कुठे गेले असतील?” कोणी बोलेना. फार अवघड गेले. शेवटी बचत गटातली एक सून म्हणाली, “दादा, ते कुठं कळतं?”

अर्ज लिहून देण्यासाठी आमचा हात खिशातल्या पेनाकडे गेलाच होता. आवरला. “तुला काय वाटतं, कुणाला विचारायचं?” असे विचारले. मग ग्रामसेवक, ग्रामसभा, माहितीचा अधिकार ही नावे त्यांच्याच तोंडून आली. अर्ज तिने लिहिला, १० रुपयांचा स्टॅम्प तिने लावला. ३० दिवस उलटले तरी उत्तर नाही, तेव्हा अपिलाची मुदत आम्ही तिला सांगितली नाही, तिने आम्हाला सांगितली. उत्तर आले तेव्हा त्यात आमच्या वस्तीतले दोन दिवे होते, जे वस्तीत कुठेच नाहीत. पुढच्या ग्रामसभेला त्या सातजणी गेल्या आणि दिवे कोणत्या खांबावर आहेत तेवढेच विचारून बसून राहिल्या. आम्ही त्या दिवशी कोर्टात होतो, आम्हाला कोणी बोलावलेही नव्हते. थोडे लागले, खोटे कशाला सांगा.

त्यानंतर आम्ही त्या तरुणाच्या घरी गेलो. शिरोलीच्या एमआयडीसीत रात्रपाळी करतो. आमची प्रत्येक बैठक रात्री आठला, आणि त्याची बस साडेसातला. त्याच्या आईने चहा दिला. चुकले, एवढे सांगून आम्ही विचारले, “बैठक कधी ठेवू?” तो बराच वेळ कपाकडे बघत होता. मग म्हणाला, “साहेब, हे चार वर्षांत पहिल्यांदा विचारलंत.”

बैठक आता त्याच्या सुट्टीच्या दिवशी असते. सतरंज्या मात्र तो उचलत नाही. त्या उचलायचे काम त्याने आम्हाला दिले आहे.