चुना, सेंट्रिन आणि रोगजंतूंची वाटणी

जिवतीच्या शेतकऱ्यास चुन्याची ओळख नव्यानें करून देण्याचें कारण नाहीं. माणिकगडच्या डोंगरांत चुनखडी विपुल असून तिच्यावर गडचांदूरकडील सिमेंटचे कारखाने चालतात. चुन्यांतील कॅल्शियम हाडांस व दुधास लागतें, हेंही सर्वांस ठाऊक आहे. परंतु सजीवांच्या सूक्ष्म पेशींत त्याचें आणखी एक काम आहे, तें निरोप्याचें. पेशींत त्याचें प्रमाण किंचित् वाढलें कीं कांहीं विशिष्ट प्रथिनें त्यास धरतात, आपला आकार बदलतात व कामास लागतात. अशांपैकीं सेंट्रिन नांवाच्या प्रथिनाची माहिती येथें देण्याचें योजिलें आहे. कारण तिचा संबंध रोगनिवारणाशीं पोंचतो.

सन १९८४ मध्यें सॅलिसबरी प्रभृति संशोधकांनीं एका हिरव्या एकपेशीय शैवालांत या प्रथिनाचा शोध लावला. त्या शैवालाच्या पोहण्याच्या शेपट्यांच्या मुळाशीं असलेले तंतु कॅल्शियम मिळतांच आखडत. पुढें याच कुळांतील प्रथिनें यीस्ट, नेचे, फुलझाडें, जनावरें व मनुष्य यांच्यांतही सांपडलीं. सेंट्रिन ही सुमारें १७० दुव्यांची लहानशी सांखळी असून तींत कॅल्शियम धरण्याजोग्या चार जागा असतात.

शेताची वाटणी करतांना मोजणीदार प्रथम हद्दीचे दगड कायम करतो. त्याचप्रमाणें एका पेशीच्या दोन होण्यापूर्वीं तिचे दोन ध्रुव ठरावे लागतात. प्राण्यांच्या पेशींत ज्या केंद्रांवरून हे ध्रुव ठरतात, त्यांत सेंट्रिन असतें.

काळ्या आजाराच्या लीशमानिया जंतूंतही तें आहे. वाळूमाशीच्या दंशानें पसरणाऱ्या या रोगानें बिहार, झारखंड व बंगाल या प्रांतांस फार छळलें. सन २००४ मध्यें सेंट्रिनचें जनुक काढलेला जंतु तयार करण्यांत आला. प्रयोगशाळेंतील पोषक द्रवांत तो वाढे; परंतु प्राण्याच्या पेशींत राहण्याच्या अवस्थेंत त्याची वाटणी पुरी होईना. असा जंतु शरीरास शत्रूची ओळख करून देतो, पण स्वतः फोफावत नाहीं. लसीस याहून अधिक काय हवें?

हीरा नखासी व अभय सातोसकर प्रभृति संशोधकांनीं हेंच तत्त्व त्वचेवर व्रण करणाऱ्या लीशमानियाच्या जातीस लाविलें. सन २०२० मध्यें उंदरांवरील व २०२१ मध्यें हॅमस्टरांवरील प्रयोगांत त्यापासून संरक्षण मिळाल्याचें प्रसिद्ध झालें. या कार्यांत पुण्याच्या जेनोव्हा कंपनीचाही सहभाग आहे. मात्र उंदरांवरील यश म्हणजे मनुष्यावरील यश नव्हे. पुढील कसोट्या पार पडल्याच पाहिजेत.

आतां आपल्या जंगलपट्टीविषयीं. चंद्रपूर-गडचिरोलीस खरें भय हिवतापाचें आहे. त्याच्या जंतूंत चार प्रकारचीं सेंट्रिनें आढळतात. तथापि वरील लस त्यावरील नव्हे. तसेंच चुना खाऊन सेंट्रिनचें बळ वाढेल अशी कोणीं समजूत करून घेऊं नये. पेशी आपल्यांतील कॅल्शियमचें प्रमाण स्वतःच राखते. शास्त्र आपल्या गतीनें पुढें जाईल. तोंवर पावसाळ्यांत घरांतील मनुष्यांनीं व शेतावरील गड्यांनीं मच्छरदाणींत निजावें, थंडी वाजून ताप येतांच त्याच दिवशीं रक्त तपासवावें, आणि ताप उतरला म्हणून औषध अर्ध्यावर टाकूं नये. पिकावरील कीड दिसतांच जो जागा होतो, त्यानें मुलाच्या तापाकडे उद्यां पाहूं असें म्हणणें शोभत नाहीं.