मार्कर थरथरतोय?
मोशन कॅप्चरमध्ये कलाकार स्तब्ध, पडद्यावरचा ठिपका मात्र थरथरतोय. फिल्टर लावून मोकळं होण्याआधी एक मार्कर जमिनीवर ठेवून पाहा. तोही हलला तर दोष बहुधा कॅमेऱ्यांचा: ट्रायपॉडला लागलेला धक्का, न तापलेले कॅमेरे, शिळं कॅलिब्रेशन. कॅलिब्रेशनची कांडी पुन्हा फिरवा. अंगावरचाच थरथरत असेल तर तो किती कॅमेऱ्यांना दिसतो ते बघा. शेजारशेजारच्या दोघांनाच दिसला, तर कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा अंदाज डळमळतो. मार्करची परावर्तक पट्टी बोटांच्या घामातेलाने मळते, आणि हे कारण हमखास शेवटी सुचतं! खिडकीतल्या उन्हातही कॅमेऱ्यांना फसवणारं इन्फ्रारेड असतंच. शेवटी फिल्टर लावायचाच तर जपून: चालीच्या अभ्यासात 6 हर्ट्झचा बटरवर्थ फिल्टर सर्रास चालतो. ठोसा टिपताना मात्र तोच खरी हालचालही खाऊन टाकतो.